सरोवरकांठचा वसंत आणि शेजारधर्म

वसंत म्हणतांच आपल्या मनांत आंब्याचा मोहोर उभा राहतो. फिनलंडच्या सरोवरप्रदेशांत मात्र वसंत येई तो वाट मोडीत! हिंवाळ्यांत गोठलेल्या सरोवरांवरून घसरगाड्या धांवत, उन्हाळ्यांत नावा चालत. पण मधल्या कांहीं आठवड्यांत बर्फ पाऊलही पेलीत नसे आणि नावेलाही वाट देत नसे. या काळाला तिकडे 'केलिरिक्को' म्हणतात. बेटावरच्या घराला तेव्हां शेजाऱ्यावांचून आधार कोणाचा? अशा प्रदेशांत 'ताल्कोत' ही चाल रुजली, यांत नवल नाहीं. आपल्याकडील इर्जिकीप्रमाणेंच शेजारी जमून मजुरीवांचून काम उरकतात. यजमान त्यांस जेवूं घालतो.

या शेजारधर्माची कसोटी १८६७ सालीं लागली. जून उजाडला तरी मोठ्या सरोवरांवर बर्फ होतें. पेरण्या लांबल्या, आणि सप्टेंबरांतील हिंवानें उभें पीक करपलें. आदल्या वर्षींही पीक बुडाल्यामुळें धान्यकोठारें आधींच खालावलीं होतीं. लोकांनीं झाडाच्या सालीचें पीठ भाकरींत मिसळलें. शेजारी तरी देणार कोठून? माणसें भिक्षेसाठीं वाटेला लागलीं; त्यांच्याबरोबर रोगाच्या सांथीही फिरल्या. १८६८ या एका वर्षांत देशांतील शेंकडा सुमारें ८ लोक मृत्युमुखीं पडले.

तात्पर्य, एका घरावर संकट आलें तर शेजार तारतो. सर्व घरांवर एकदम आलें तर भरलेलें सार्वजनिक कोठारच हवें. आणि हीं दोन्ही सुकाळांतच राखावीं लागतात.