रेगाटा : शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यतीचे नियम व संचालन

रेगाटा : शिडाच्या किंवा वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यतींचा मेळा. शब्द मूळचा व्हेनिसचा. तिथल्या पाण्यात होड्यांची जी चढाओढ चाले तिचे हे नाव पुढे युरोपभर पसरले आणि शिडाच्या शर्यतींनाही लागले. या नोंदीत विचार केला आहे तो लहान रेगाटाचा. पंधरा-वीस होड्या, एक समिती-होडी, दोन बचाव होड्या, तीन-चार बोये आणि काठावर सूचनाफलक एवढ्या सामग्रीवर क्लबची आठ-दहा माणसे दोन दिवसांत सहा फेऱ्या नीट पार पाडू शकतात. मात्र त्यांनी आपापले काम आधी वाटून घेतलेले हवे.

लहान रेगाटात उतरणाऱ्या होड्या ठराविक वर्गांतल्या असतात. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट ही साधारण २.३ मीटर लांबीची चौकोनी नाळेची होडी असते. ती १९४७ मध्ये क्लार्क मिल्स यांनी फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथे आखली. एकट्याने चालवायची ४.२३ मीटरची लेझर आता इल्का या नावाने ओळखली जाते. दोघांच्या होड्यांत ४७० आणि एंटरप्राइज या भारतात परिचयाच्या आहेत. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकले ते दोघांच्याच फायरबॉल वर्गात. मुंबईत हा खेळ त्याआधी शतकाहून अधिक काळ रुजलेला होता. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आहे.

जगभर एकच नियमावली चालते. ती वर्ल्ड सेलिंग ही संस्था काढते. १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय यॉट रेसिंग युनियन म्हणून स्थापन झालेली हीच ती संस्था. नियमावली दर चार वर्षांनी सुधारली जाते, आणि सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ या काळासाठी आहे. भारतात राष्ट्रीय संस्था म्हणून यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया काम पाहते. संयोजकाला स्वतःचे दोन कागद तयार करावे लागतात. पहिला नोटीस ऑफ रेस. तारखा, होड्यांचे वर्ग, पात्रता, प्रवेश फी, फेऱ्यांची संख्या हे त्यात असते आणि तो बराच आधी निघतो. दुसरा सेलिंग इन्स्ट्रक्शन्स. बोये कोणत्या रंगाचे, ते कोणत्या क्रमाने व कोणत्या अंगाला ठेवून वळायचे, वेळेची मर्यादा किती, तक्रार किती वाजेपर्यंत घेणार, हे सगळे त्यात लिहायचे. या कागदात संयोजक काही नियम बदलूही शकतो, पण कोणता नियम बदलला ते स्पष्ट लिहावे लागते. समोरासमोर आलेल्या होड्यांपैकी वाट कोणी द्यायची, हे सांगणाऱ्या भागाला मात्र हात लावता येत नाही. लहान रेगाटाने हे कागद आखूड ठेवावेत. वीस पानी सूचना कोणी वाचत नाही, आणि मग पहिल्याच फेरीत निम्मी मुले चुकीच्या बोयाला वळतात.

शर्यतीचा मार्ग वाऱ्यावरून ठरतो. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, तिला नागमोडी जावे लागते, आणि कौशल्याची खरी कसोटी तिथेच लागते. म्हणून पहिला बोया वाऱ्याच्या दिशेला टाकतात आणि आरंभरेषा वाऱ्याला काटकोनात. सर्वात साधा मार्ग वाऱ्यावर जाऊन परत खाली येण्याचा, दुसरा त्रिकोणाचा. आरंभरेषेचे एक टोक म्हणजे समिती-होडीवरची नारिंगी झेंड्याची काठी, दुसरे टोक बोया. रेषेची लांबी सगळ्या होड्यांच्या एकूण लांबीच्या साधारण सव्वा ते दीड पट ठेवायचा परिपाठ आहे. अठरा इल्का असतील तर शंभर मीटरच्या आसपास. रेषा तिरकी पडली तर सारा ताफा एकाच टोकाशी गर्दी करतो. तेव्हा शर्यत अधिकाऱ्याने नांगर टाकल्यावर लगेच झेंडा चढवू नये. होकायंत्र हातात धरून पाच-दहा मिनिटे वारा पाहावा, तो किती अंश इकडे-तिकडे झुलतो ते लिहून काढावे आणि मग बोया सरकवावा. मुंबई बंदरात याच्या जोडीला भरती-ओहोटीची ओढ असते. सकाळचे मतलई वारे पडतात, दुपारी खारे वारे धरतात, आणि मधल्या निवांत तासात पाणी मात्र वाहतच राहते. ओढ रेषेच्या पलीकडे नेणारी असली की होड्या वेळेआधीच रेषा ओलांडतात, उलटी असली की मागेच अडकतात. भरतीचे कोष्टक न पाहता वेळापत्रक आखणारा संयोजक दिवस वाया घालवतो.

आरंभाची पद्धत पाच मिनिटांची आहे. शून्याला पाच मिनिटे असताना वर्गाचा झेंडा चढतो आणि एक भोंगा वाजतो. चार मिनिटे असताना पी झेंडा, म्हणजे निळ्यावर पांढरा चौकोन, पुन्हा भोंगा. एक मिनिट उरताना पी उतरतो आणि लांब भोंगा वाजतो. शून्याला वर्गाचा झेंडा उतरतो, भोंगा वाजतो आणि शर्यत सुरू होते. वेळ मोजायची ती झेंड्यावरून. भोंगा वाजला नाही तरी आरंभ खराच धरतात. त्या शेवटच्या मिनिटात समिती-होडीवर कोणी गप्पा मारत नाही. एक जण सेकंद मोठ्याने वाचत असतो, दोघे झेंड्यांच्या दोऱ्या धरून उभे असतात, शर्यत अधिकारी नारिंगी झेंड्याच्या काठीमागे एक डोळा मिटून पलीकडच्या बोयावर नजर लावून असतो, आणि शेजारचा जण पुढे सरकलेल्या होड्यांचे शीड-क्रमांक टेपवर पुटपुटत असतो. २०२१ पासून आरंभ आणि शेवट दोन्हीकडे फक्त होडीचा सांगाडा पाहतात. खलाशाचा हात किंवा शिडाचे टोक पुढे गेले तर ते धरत नाहीत.

एक-दोन होड्या आधी निघाल्या तर एक भोंगा देऊन पांढऱ्यावर निळ्या फुलीचा एक्स झेंडा लावतात. त्या होड्यांनी मागे येऊन पुन्हा रेषा ओलांडायची, आणि मागे येताना इतरांना वाट द्यायची. तो झेंडा जास्तीत जास्त चार मिनिटे राहतो. कोण पुढे होते हे ओळखता येणार नाही इतक्या होड्या गेल्या, तर निळा-पिवळा त्रिकोणी झेंडा आणि दोन भोंगे, म्हणजे सगळेच परत. पुन्हा पुन्हा असे झाले तर पी ऐवजी कडक झेंडे आहेत. आय लावला असता शेवटच्या मिनिटात रेषेपलीकडे दिसलेल्या होडीला टोकाला वळसा घालून परत यावे लागते. यू लावला तर ती बाद होते, पण तो आरंभ रद्द झाल्यास पुढच्या आरंभात तिला जागा मिळते. काळ्या झेंड्याखाली तीही सवलत नाही. लहान रेगाटात काळ्या झेंड्यापर्यंत जाण्याआधी आपली रेषा सरळ आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा दोष तिथे सापडतो.

पाण्यावर वाट कोणी द्यायची याचे मूळ नियम मोजके आहेत. वारा डाव्या अंगाने घेणारी होडी पोर्ट टॅकवर, उजव्या अंगाने घेणारी स्टारबोर्ड टॅकवर. पोर्टवरच्या होडीने स्टारबोर्डवरच्या होडीला वाट द्यायची. दोघी एकाच टॅकवर आणि बाजूबाजूला असतील तर वाऱ्याकडच्या होडीने पलीकडच्या होडीला वाट द्यायची. एक मागे आणि एक पुढे असेल तर मागचीने. टॅक बदलत असलेल्या होडीने इतर सगळ्यांना. वाट मिळण्याचा हक्क असलेल्या होडीनेही शक्य असेल तर टक्कर टाळायचीच. समोरून पोर्टवर येणाऱ्याला ‘स्टारबोर्ड!’ अशी जोरात हाक मारतात. ती नियमाने सक्तीची नाही, पण चांगला खलाशी ती मारतो, कारण समोरच्याच्या शिडाआडून तो कदाचित दिसतही नसेल.

खरी कटकट बोयापाशी होते. बोयाभोवती होडीच्या तीन लांब्यांचे अदृश्य वर्तुळ धरतात. पहिली होडी त्यात शिरते त्या क्षणी दोघी बाजूबाजूला असतील तर बाहेरच्या होडीने आतलीला बोया वळायला जागा द्यायची. एक पूर्ण पुढे असेल तर मागाहून आत नाळ खुपसून जागा मागता येत नाही. वाऱ्यावर चढताना समोरासमोरच्या टॅकवर असलेल्या होड्यांना हा नियम लागत नाही, तिथे पोर्ट-स्टारबोर्डच चालते. आरंभाच्या वेळी समिती-होडी आणि खालची होडी यांच्या फटीत वरून घुसणाऱ्यालाही बोयाची जागा मागण्याचा हक्क नाही. नवशिके बहुतेक तंटे याच दोन ठिकाणी ओढवून घेतात. संयोजकाने आदल्या संध्याकाळी वाळूत काड्या मांडून मुलांना हे दाखवले तर दुसऱ्या दिवशीच्या निम्म्या तक्रारी वाचतील.

या खेळात मैदानावर शिट्टी घेऊन धावणारा पंच नसतो. नियम मोडला हे मोडणाऱ्याने स्वतः ओळखायचे आणि तिथल्या तिथे शिक्षा घ्यायची, हे नियमावलीच्या आरंभीच लिहिलेले तत्त्व आहे, आणि शिडाच्या शर्यतीचा सारा मान त्यावर उभा आहे. बोयाला धक्का लागला तर लगेच बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी. दुसऱ्या होडीचा हक्क डावलला तर एकाच दिशेने दोन गिरक्या. मोठी इजा किंवा मोडतोड झाली, किंवा चुकीतून मोठा फायदा मिळाला, तर शर्यत सोडायची. होडी फक्त वाऱ्या-पाण्याच्या जोरावर चालवायची. शीड पंख्यासारखे हलवणे, अंगाने होडी डोलवणे, सुकाणूने वल्हवणे यांना बंदी आहे. गिरकी न घेणाऱ्यावर दुसरा खलाशी ‘प्रोटेस्ट!’ म्हणून लगेच हाक देतो, सहा मीटर किंवा मोठी होडी असेल तर लाल झेंडाही लावतो, आणि काठावर येऊन मुदतीत लेखी तक्रार देतो. वेगळी मुदत लिहिलेली नसेल तर शेवटची होडी पोचल्यावर दोन तास. तक्रार समिती दोघांना एकत्र बसवते, साक्षीदार बोलावते, टेबलावर खेळण्यातल्या होड्या मांडून प्रसंग उभा करते आणि मग निकाल देते. समितीत खेळाडूंचे पालक नसावेत. लहान गावात हे जमवणे कठीण, तरीही याबाबत भीड धरू नये. शर्यत समितीच्याच चुकीने कोणाचे नुकसान झाले तर त्यालाही दाद मागता येते.

गुण कमीत कमी ज्याचे तो विजयी. पहिल्याला १, दुसऱ्याला २ आणि पुढे तसेच. जो निघाला नाही, पोचला नाही किंवा बाद झाला त्याला नोंदलेल्या होड्यांहून एक जास्त, म्हणजे अठरा होड्यांत १९. प्रत्येकाची सर्वात वाईट फेरी वगळतात. समजा एकीच्या सहा फेऱ्या २, १, ३, ७, २, १ आणि दुसरीच्या १, ३, २, २, १, ४. पहिलीचे ७ आणि दुसरीचे ४ वगळले की दोघींचे ९-९. उरलेले गुण चढत्या क्रमाने मांडले तरी दोघींचे १, १, २, २, ३. अशा वेळी शेवटची फेरी पाहतात, मग ती वगळलेली का असेना. शेवटच्या फेरीत पहिली होडी १ वर आणि दुसरी ४ वर, म्हणून पहिली जिंकते. वेगवेगळ्या वर्गांच्या होड्या एकत्र सोडल्या तर प्रत्येक वर्गाच्या आकड्याने वेळ भागून हजाराने गुणतात. ११०० आकड्याच्या होडीचे ५५ मिनिटे म्हणजे ३३०० सेकंद धरायचे ३०००. १००० आकड्याची होडी ५१ मिनिटांत आली तरी तिचे ३०६० सेकंदच राहतात, आणि चार मिनिटे मागून आलेली हळू होडी पुढे जाते.

वारा पडला किंवा पिसाळला तर शर्यत अधिकाऱ्याने अडून बसू नये. आरंभ लांबवायला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा त्रिकोणी झेंडा आणि दोन भोंगे, चालू फेरी रद्द करायला निळ्या-पांढऱ्या चौकटींचा एन आणि तीन भोंगे, मार्ग आखूड करायला एस आणि दोन भोंगे. बंदरात मोठ्या जहाजांचा मार्ग, मासेमारीच्या होड्या आणि एलिफंटाच्या लाँच असतात. त्यांच्याशी गाठ पडली की शर्यतीचे नियम संपतात आणि समुद्रातल्या टक्कर-प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय नियम सुरू होतात. जहाजाच्या वाटेत शिडाच्या होडीने जायचे नाही.

निघायचे की नाही हा निर्णय नियमाने ज्याचा त्याचा आहे, आणि संकटातल्या माणसाला मदत करणे हा नियमावलीतला पहिलाच नियम आहे, शर्यत हरावी लागली तरी. तरीही मुलांच्या रेगाटात संयोजकाने वाय झेंडा लावून जीवरक्षक जाकिटे सक्तीची करावीत. उलटलेल्या होडीकडे जाताना बचाव होडीने आधी डोकी मोजायची, होडी नंतर. काठावर क्रमांकांच्या बिल्ल्यांची फळी ठेवतात. पाण्यात उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला काढून न्यायचा, परत आल्यावर हुकाला अडकवायचा. तो विसरून मूल घरी गेले तर संध्याकाळी दोन बचाव होड्या तासभर समुद्र धुंडाळतात. फळीवरचा शेवटचा हुक भरेपर्यंत त्या होड्यांची इंजिने बंद करत नाहीत.