कळफलकावरील दंड : मावळातील दोन लेखनपरंपरांच्या अनुरोधाने

मराठी गद्यात वाक्याच्या शेवटी टिंब येते. हिंदीत दंड रूढ आहे. लिपी एकच असता हा भेद का पडावा, याचे उत्तर लिपीत नसून मुद्रणाच्या इतिहासात शोधावे लागते. मोडी लेखनात विरामचिन्हे जवळजवळ नव्हतीच. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून इंग्रजी पद्धतीची चिन्हे मराठीत आणली. छापील गद्याने टिंब स्वीकारले आणि दंड पद्यापुरता उरला.

संगणकयुगात या इतिहासाचा परिणाम निराळ्याच रीतीने जाणवतो. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रमाणित केलेल्या ‘इस्की’ संकेतावलीत दंडाला स्थान होते. अवग्रहाला मात्र स्वतंत्र संकेत नव्हता, दंड व नुक्ता यांच्या जोडीने तो साधावा लागे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर टिंबाच्या कळीवरच, शिफ्ट दाबली असता, दंड उमटतो. परंतु मराठी गद्य लिहिणाऱ्यास तो कधीच लागत नसल्याने ती जागा बहुतेकांस ठाऊक नसते. अशा लेखकापुढे श्लोक आला, की तो इंग्रजी कळफलकावरील उभी रेघ दंड म्हणून वापरतो, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम देतो आणि अवग्रहासाठी रोमन ‘एस’ टंकतो. डोळ्यांस फरक दिसत नाही. यंत्रास मात्र दिसतो. युनिकोडमध्ये दंडाचा क्रमांक २४०४, तर उभ्या रेघेचा १२४ आहे. विसर्ग २३०७ आणि अपूर्णविराम ५८. ‘दुःख’ हा शब्द अपूर्णविराम घालून टंकला असता शोधप्रणालीच्या लेखी तो दोन ठिकाणी तुटलेला शब्द ठरतो, आणि शब्दसूची करणाऱ्या संशोधकाच्या हाती तो लागतच नाही.

लोणावळ्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले. त्या संस्थेने १९७० मध्ये स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेली हठप्रदीपिका प्रसिद्ध केली. अशा पद्यग्रंथात श्लोकार्धानंतर एक दंड, श्लोकान्ती दोन दंड, हा संकेत छंदाइतकाच महत्त्वाचा असतो; श्लोकसंख्या व पाठभेद त्याच्याच आधाराने लावले जातात. असा ग्रंथ संगणकावर उतरविताना काही पानांवर द्विदंडाचे स्वतंत्र चिन्ह, काहींवर दोन सुटे दंड आणि काहींवर दोन उभ्या रेघा पडल्या, तर श्लोकान्त एकाच शोधात सापडणार नाहीत. ही चूक मुद्रितशोधकास दिसण्याजोगी नसते, म्हणूनच ती टिकते.

लोणावळ्यानजीकच्या कार्ल्याची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. तेथील चैत्यगृहात स्तंभांवर धेनुकाकटच्या दात्यांचे छोटे ब्राह्मी लेख आहेत. ‘थंभो दानं’ या शब्दांनीच असा लेख पुरा होतो. वाक्य संपल्याचे सांगण्यास निराळ्या चिन्हाची गरज उरत नाही. मोठ्या लेखांत, विशेषतः ज्यांत मामाळचा, म्हणजे आजच्या मावळचा, उल्लेख येतो अशा आज्ञालेखांत, वाक्य कोठे तोडावे हे संपादकास ठरवावे लागते. संपादक नागरीत दंड टंकतो आणि ते त्याचे अनुमान पाठाचा भाग होऊन बसते. दगडावरचे चिन्ह कोणते आणि संपादकाचे कोणते, हे पुढच्या वाचकास कळण्याची सोय राहत नाही. संपादकाचे चिन्ह चौकटी कंसात घालण्याची जुनी शिस्त येथे अजूनही उपयोगी आहे. टंकनाच्या घाईत ती सुटते, हे दुर्दैवच म्हटले पाहिजे.

युनिकोडने २०१० मध्ये ब्राह्मीला स्वतंत्र विभाग दिला, आणि त्यात दंड, द्विदंड, बिंदू, अर्धचंद्र व कमळ अशी विरामचिन्हेही घेतली. ब्राह्मी दंडाचा क्रमांक ६९७०३ आहे. नागरी दंडाहून तो वेगळा असल्याने मूळ लेखातील चिन्ह संपादकाच्या चिन्हापासून आता यंत्रालाही वेगळे ओळखता येते. मराठीच्या प्रचलित कळफलकावर मात्र त्यासाठी कळ नाही; ते चिन्हतालिकेतून एकेक निवडावे लागते.