घराचं ‘एन्क्लोजर कमिशनिंग’ म्हणजे काय? पहिल्या पावसाआधीच गळती कशी पकडतात?

जालना जिल्ह्यात अनेक जण गुढीपाडवा किंवा अक्षय तृतीयेचा मुहूर्त साधून गृहप्रवेश करतात. रंग ताजा असतो, भिंती कोरड्या असतात. पण त्या घराने अजून एकही पाऊस पाहिलेला नसतो. इथला बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्यामुळे बांधकामातली चूक जुलैमध्ये ओल येऊन दिसते, तेव्हा ठेकेदाराचं बिल चुकतं झालेलं असतं. गवंडी गच्चीकडे बोट दाखवतो, खिडकीवाला गिलाव्याकडे आणि खर्च मालकाच्या गळ्यात पडतो.

हे टाळण्यासाठी जगात एक पद्धत वापरली जाते, तिचं नाव बिल्डिंग एन्क्लोजर कमिशनिंग.

एन्क्लोजर म्हणजे नेमकं काय?

छत, बाहेरच्या भिंती, खिडक्या-दारं, जोत्याचा भाग आणि या सगळ्यांचे सांधे मिळून इमारतीचं बाह्य कवच बनतं. पाऊस, ऊन, वारा आणि जमिनीतली ओल बाहेर ठेवणं हे त्याचं काम.

‘कमिशनिंग’ हा शब्द मूळचा जहाजबांधणीतला. नवं जहाज सेवेत घेण्याआधी त्याची कसून चाचणी होते. लिफ्ट किंवा पंपही आपण चालवून बघूनच ताब्यात घेतो. भिंत आणि छत मात्र नुसते डोळ्यांनी बघतो. तेही तपासूनच घ्यायचे, एवढीच यामागची कल्पना. अमेरिकेत यासाठी एएसटीएम ई 2813 हे मानक 2012 मध्ये आलं. भारतात घरांसाठी असं कमिशनिंग सक्तीचं नाही.

गळती होते कुठून?

बहुतेक वेळा सांध्यातून. जालन्यात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. काँक्रीटचा स्लॅब दिवसा तापून पसरतो, रात्री आकसतो. विटांची भिंत त्याच प्रमाणात हलत नाही. त्यामुळे बीम आणि भिंत जिथे भेटतात तिथे बारीक भेग पडते. उन्हाळ्यात पडलेल्या या भेगेतून जूनमध्ये पाणी आत शिरतं. गच्ची आणि कठड्याचा कोपरा, खिडकीची चौकट आणि पाइप भिंतीतून जातात ती भोकं, ही बाकीची नेहमीची ठिकाणं.

काम कसं चालतं?

1. मागणी लेखी ठेवणं : ‘घर गळायला नको’ एवढं पुरत नाही. गच्चीचा उतार कुठे, वॉटरप्रूफिंग कोणतं, छतातून किती उष्णता आत आलेली चालेल, हे आधीच ठरतं. उष्णतेसाठी केंद्राची ‘इको निवास संहिता 2018’ उपयोगी पडते. वॉटरप्रूफिंगसाठी आयएस 3067 हे भारतीय मानक आहे.

2. नकाशा तपासणं : प्रत्येक सांध्याचं मोठं रेखाचित्र मागायचं. सिलचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का? छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का? कागदावरची चूक खोडरबराने दुरुस्त होते.

3. नमुना करून बघणं : सगळ्या खिडक्या बसवण्याआधी एकच खिडकी पूर्ण बसवायची आणि तिच्यावर पाण्याचा मारा करायचा. आत थेंब आला तर पद्धत बदलायची.

4. झाकण्याआधी बघणं : बीम-भिंतीच्या सांध्यावरची चिकन मेश गिलाव्याखाली जाते, वॉटरप्रूफिंगचा थर कोब्याखाली. ते झाकण्याआधी तपासायचं आणि फोटो काढून ठेवायचे.

5. पाणी साठवून चाचणी : गच्चीची तोंडं बंद करून किमान 24 ते 48 तास पाणी साठवतात आणि खालून स्लॅब बघतात.

6. पावसाळ्यानंतरची फेरी : पहिला पावसाळा उलटला की पुन्हा सगळी तपासणी करतात.

मोठ्या प्रकल्पात हे काम मालकाने नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ करतो. ठेकेदाराने स्वतःचंच काम तपासणं यात अपेक्षित नाही.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

पूर्णपणे नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांवर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून छत नीट केलं जायचं. पाऊस येण्याआधी छत तपासायचं, ही शिस्त होती. सिमेंटचा स्लॅब आला आणि ‘आता बघायची गरज नाही’ असा समज झाला.

जालन्यात हा प्रश्न घरापुरता नाही. हे शहर बियाणे उद्योगासाठी ओळखलं जातं. गोदामात ओल शिरली तर बियाण्याची उगवणशक्ती घटते आणि त्याचा फटका थेट शेतकऱ्याच्या पेरणीला बसतो.

तरीही घर गळलं तर?

फ्लॅट बिल्डरकडून घेतला असेल तर रेरा कायद्याचं कलम 14(3) लक्षात ठेवा. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखीच द्या.

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधत असाल तर हे कलम कामाला येत नाही. तिथे ठेकेदाराशी केलेला करारच तुमचा आधार. त्यात पाण्याच्या चाचणीची अट घाला आणि शेवटचा हप्ता चाचणी पास झाल्यावरच द्या.