गोधडीच्या पोटातला इतिहास

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी हा मुलूख औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत विभागलेला होता. इथल्या घराघरांतल्या गोधडीला मात्र अशी जन्मतारीख नाही. तिलाच वाकळही म्हणतात. वरखाली नऊवारी लुगडं, मध्ये जुनेराचे थर आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा धावदोरा. दिवसा घड्यांची थप्पी कोपऱ्यात रचायची, तीवर सर्वांत देखणी गोधडी पसरायची. मातीच्या घराची सजावट तीच.

विरलेली गोधडी टाकत नसत. ती नव्या गोधडीच्या पोटात जाई. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची गोधडी सहसा हाती लागत नाही, आणि शिवणारीचं नाव तर नाहीच. पुढे सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली आणि घाम टिपणारं, अंगाला बिलगणारं कापड घरातून कमी होत गेलं.

आता गोधडी शहरी दिवाणखान्यात भिंतीवर लागते. लागू दे. पांघरायची वस्तू टांगली की तिचं झिजणं थांबतं, ती उरते. मग तिच्या कोपऱ्यात शिवणारीचं नावही टाक्यांनी उमटायला हवं.