आगकाड्यांची मौज
दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१५ च्या सुमारास तयार केलेला मूक लघुपट. भारतातील अ‍ॅनिमेशनच्या आद्य प्रयत्नांत त्याची गणना होते. काड्या किंचित सरकवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायच्या, अशा चिवट क्रमाने निर्जीव वस्तू पडद्यावर हालती होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून फाळके यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला होता. तो दाखवून त्यांना चित्रपटासाठी भांडवल मिळवता आले. कॅमेरा चालवणे, फिल्म धुणे, संकलन ही कामेही त्यांना अवगत होती. साधनांची वानवा असताना त्यांनी दाखवलेली ही प्रयोगशीलता भारतीय अ‍ॅनिमेशनकारांचा मोलाचा वारसा आहे.