शिवडीची खोकी, न्हावा शेव्याचे कंटेनर

१/
१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. २१.८ किलोमीटर लांबीचा हा पूल मुंबईतील शिवडीला खाडीपलीकडच्या नवी मुंबईशी, न्हावा शेवा परिसराशी जोडतो. भारतात मोटारी जुळवण्याचा पहिला मोठा उद्योग यांतील एका टोकाला सुरू झाला. त्या उद्योगाचे भवितव्य ज्या प्रश्नावर अवलंबून आहे, तो प्रश्न आज दुसऱ्या टोकाला उभा आहे. दोन्हींमध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे. प्रश्न मात्र एकच आहे.

२/
१९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने शिवडीत कारखाना उघडला. मोटारीचे सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने मुंबई बंदरात येत. शिवडीत ते जोडले जात आणि तयार गाडी विक्रीला बाहेर पडे. फोर्डनेही मुंबईत अशीच जुळणी सुरू केली. मजुरांचे हात इथले होते, रस्ते इथले होते, ग्राहकही इथला होता. इंजिन, गिअर, साचे आणि आराखडे मात्र समुद्रापलीकडचे होते.

३/
हे चित्र बदलण्याची पहिली ठोस योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली. मोटार भारतातच घडवणारा कारखाना मुंबई इलाख्यात उभारावा, हा त्यांचा आग्रह होता. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने योजनेला अनुकूलता दाखवली आणि ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी सोलापूरच्या एका उद्योजकाने अंगावर घेतली. त्यांचे नाव वालचंद हिराचंद.

४/
जहाजबांधणी, विमाने आणि मोटारी या तिन्ही क्षेत्रांत ब्रिटिश राजवटीला तोंड देत उतरलेला हा माणूस. मोटारीसाठी वालचंदांनी अमेरिका गाठली. फोर्डशी बोलणी फिसकटली. अखेर १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. पण महायुद्ध सुरू होते आणि भारतीय मालकीच्या मोटार कारखान्याला हातभार लावण्याची सरकारची इच्छा नव्हती. परिणामी ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स’ची स्थापना व्हायला १९४४ साल उजाडले. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी १९४७ मध्ये बाहेर पडली.

५/
इथे एक गोष्ट विसरता येत नाही. कुर्ल्यातूनही आरंभी डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या अमेरिकी गाड्याच बाहेर पडत होत्या, आणि त्याही मुख्यतः आयात भाग जोडून. मालकी भारतीय झाली होती. तंत्र अद्याप झाले नव्हते. मग कुर्ल्यात आणि शिवडीत फरक तो काय? फरक हेतूचा होता. शिवडीला जुळणीतच समाधान होते, तर कुर्ल्याला तिथून पुढे जायचे होते.

६/
स्वतंत्र भारताच्या सरकारने तोच हेतू कायद्यात उतरवला. १९४९ मध्ये पूर्ण तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने स्पष्ट शिफारस केली की, सुटे भाग टप्प्याटप्प्याने भारतातच तयार करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. वर्षाला काही हजार मोटारी खपणाऱ्या बाजारपेठेसाठी एवढी गुंतवणूक करण्यास जनरल मोटर्स आणि फोर्ड राजी नव्हत्या. दोघींनी गाशा गुंडाळला आणि शिवडीची जुळणी थांबली. त्याच वर्षी, एप्रिल १९५३ मध्ये, वालचंदांचे निधन झाले.

७/
१९५४ हे या कथेतले कळीचे वर्ष आहे. त्या सुमारास दोन भारतीय कंपन्या दोन युरोपीय कंपन्यांचे बोट धरून चालू लागल्या. कुर्ल्याच्या प्रीमियरने इटलीच्या फियाटची ‘अकराशे’ ही मोटार घेतली. जमशेदपूरच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी मालमोटारींसाठी पंधरा वर्षांचा करार केला. आरंभबिंदू जवळपास सारखाच होता: परकीय आराखडा, भारतीय कामगार आणि हळूहळू देशी होत जाणारे भाग.

८/
प्रीमियरने देशीकरणाचे काम मनापासून केले, हे मान्य करायलाच हवे. १०८९ सीसीचे इंजिन, पत्र्याचे सांगाडे आणि शेकडो लहानमोठे भाग पुढे भारतातच तयार होऊ लागले. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात पुरवठादार वाढले, फिटर-टर्नर घडले. १९७० च्या दशकाच्या आरंभी फियाटचे नाव वापरण्याची मुदत संपली. गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

९/
परंतु बदलले ते केवळ नाव. पद्मिनीचा मूळ आराखडा फियाट ११००-डी या गाडीचा होता. इटलीत तिचे उत्पादन १९६० च्या दशकातच थांबले होते. कुर्ल्यात ते शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअरसुद्धा जमिनीवर आला तो अगदी उतारवयात. जी मोटार घडवायला शिकण्यासाठी इतके कष्ट घेतले, तिच्यापुढची मोटार स्वतः रेखाटण्याची कला कारखान्याने आत्मसात केली नाही.

१०/
दोष एकट्या कंपनीचा नव्हता. मोटार ही चैनीची वस्तू मानली जाई. किती गाड्या बनवायच्या ते परवाना ठरवी आणि १९६९ पासून किंमतही सरकार ठरवू लागले. त्या किंमतनियंत्रणाविरुद्ध प्रीमियरने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. कामगारसंघर्षही तीव्र होते. दुसरीकडे, गाडीसाठी नाव नोंदवून ग्राहक वर्षानुवर्षे थांबत असे. जो कारखाना बनवील ते आपोआप खपते, त्याला नवे काही बनवण्याची निकड भासत नाही. संरक्षणाने प्रीमियरला जगवले आणि त्याच संरक्षणाने तिला झोपवलेही.

११/
आता दुसरी वाट पाहू. टेल्कोची सूत्रे सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्याकडे होती. डाइम्लर-बेंझचा करार १९६९ मध्ये संपणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून १९६६ मध्ये पिंपरीला जो नवा कारखाना उभा राहू लागला, त्यात आधी वाहने बनली नाहीत. आधी बनली ती वाहने बनवणारी यंत्रे, पत्र्याला आकार देणारे साचे आणि ते हाताळणारे प्रशिक्षित तरुण कारागीर. संशोधन विभागही त्याच काळातला.

१२/
पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधली जवळपास दहा वर्षे वरकरणी खर्चाचीच होती. पण करार संपला, गाड्यांवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला, तेव्हा त्या अक्षरामागे स्वतःचे ज्ञान उभे होते. मालमोटारींचे नवे नमुने तिथेच घडले. १९९८ मध्ये ‘इंडिका’ लोकांसमोर आली ती याच तयारीच्या बळावर.

१३/
इंडिका संपूर्ण देशी होती असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. तिचे बाह्यरूप घडवण्यात इटलीच्या तुरीन शहरातील आयडिया या संस्थेचा वाटा होता. उत्पादनाची यंत्रमालिका ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद कारखान्यातून विकत आणलेली होती. म्हणजे उसनवारी दोघांनीही केली. एकाने उसना माल वापरला. दुसऱ्याने उसनवारीच्या मुदतीत स्वतःची कार्यशाळा उभारली. सारा फरक एवढ्यातच आहे.

१४/
प्रीमियरची अखेर या दृष्टीने बोलकी आहे. नवी मुंबईच्या महापेहून शिळफाटा ओलांडून कल्याणच्या दिशेने निघाले की डोंबिवलीलगत प्रीमियरच्या दुसऱ्या कारखान्याचा परिसर लागतो. उदारीकरणानंतर तिथे फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून ‘३०९’ ही मोटार काढण्यात आली. तिथेही कामगारांशी तंटे उद्भवले आणि १९९७ मध्ये प्यूजो बाहेर पडली. पुढे २००९ मध्ये प्रीमियरने ‘रिओ’ ही छोटी गाडी बाजारात आणली. तिचे सुटे भाग चीनच्या झोत्ये कंपनीकडून येत. वालचंदांची कंपनी पुन्हा खोकी उघडून गाड्या जोडू लागली होती.

१५/
मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी नाहीशी झाली. अनेकांनी हळहळ व्यक्त केली, ती योग्यच होती. पण तिच्या जाण्याबरोबर जो प्रश्न मागे राहिला, त्याची चर्चा फारशी झाली नाही.

१६/
तो प्रश्न आज विजेच्या मोटारीच्या रूपाने परतला आहे. नवी मुंबईत त्याच्या खुणा सहज दिसतात. महापालिकेच्या परिवहन सेवेत विजेच्या बसगाड्या आहेत. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकर माफ झाला आहे. मात्र अशा मोटारीत किमतीचा सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा असतो आणि बॅटरीचे काळीज म्हणजे लिथियम-आयन सेल. ते बहुतांशी बाहेरून, मुख्यत्वे चीनमधून येतात. इथे ते एकत्र जुळवून बॅटरीचा संच तयार होतो. १९२८ चे खोके जाऊन त्या जागी कंटेनर आला आहे. आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर हे देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे.

१७/
परावलंबनाची किंमत कशी मोजावी लागते, याची चुणूक २०२५ मध्ये मिळाली. चीनने एप्रिलमध्ये दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. विजेच्या मोटरीत हे चुंबक अत्यावश्यक असतात. वजनाने किरकोळ असलेल्या त्या एका भागासाठी भारतीय वाहन उद्योग काही महिने चिंतेत होता.

१८/
सरकारने उत्तरे शोधली आहेत आणि ती १९५३ ची आठवण करून देतात. प्रगत सेल भारतात बनावेत म्हणून २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. ५० गिगावॅट-तास क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले गेले; प्रगती त्या मानाने संथ आहे. मार्च २०२४ च्या धोरणात परदेशी कंपन्यांना सवलतीच्या शुल्कात मोजक्या मोटारी आणण्याची मुभा दिली गेली. अट अशी की किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवून तीन वर्षांत कारखाना उभारावा आणि पाच वर्षांत निम्मे मूल्यवर्धन भारतात करावे. ‘टप्प्याटप्प्याने देशी’ हे जुनेच सूत्र नव्या भाषेत आले.

१९/
या धोरणाचा लाभ न घेता टेस्लाने जुलै २०२५ मध्ये भारतातील पहिले दालन उघडले, ते वांद्रे-कुर्ला संकुलात. विक्रीच्या मोटारी शांघायहून तयार होऊन येतात. वालचंदांचा कारखाना ज्या कुर्ल्यात होता, त्याच्या अगदी शेजारी.

२०/
इतिहास भविष्य सांगत नाही. पण कुठे पाहावे ते सांगतो. विजेच्या मोटारी किती विकल्या गेल्या, किती कारखान्यांची कोनशिला बसली, यावरून या उद्योगाचे मोजमाप करू नये. पद्मिनीही भरपूर खपली होती. पाहायचे ते हे की, सेलचे रसायन, चुंबक आणि मोटारीचे नियंत्रण करणारी प्रणाली यांवर काम करणारे हात आणि प्रयोगशाळा परवान्याच्या मुदतीत तयार होत आहेत का. १९६६ च्या पिंपरीत तयार होत होते, तसे.

२१/
शिवडीत खोकी उघडणारे कामगार कुशल होते, कुर्ल्याचेही होते. त्यांच्या कौशल्याला पुढची मोटार रेखाटण्याची संधी मिळाली नाही. न्हावा शेव्याला उतरणारे कंटेनर उघडणाऱ्या आजच्या तरुण अभियंत्यांना ती मिळते की नाही, यावर पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास कुर्ल्यासारखा लिहिला जाईल की पिंपरीसारखा, हे ठरेल.