'पानी' की 'पाणी'?



मध्यंतरी एका मराठी वर्गात आमची कन्या "मला पानी हवे" असे म्हणाली. मुले हसली, बाईंनीही हसत "शुद्ध बोल गं" म्हटले. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. पण त्या रात्री जळगावहून आजीचा फोन आला, तेव्हा कन्या बोलायलाच तयार होईना. "आजी चुकीचे मराठी शिकवते," असे तिचे म्हणणे! आजीला काय सांगावे ते आम्हांला सुचेना. म्हणून हे 'शुद्ध' आले कुठून, ते थोडे शोधून लिहीत आहे.

१८१८ साली पेशवाई गेली. कंपनी सरकारला कचेऱ्या आणि शाळा चालवायला एक ठरावीक मराठी हवी होती. तोवर कोकणात एक, देशावर दुसरी, खानदेश-वऱ्हाडात तिसरी अशी बोलण्याची रीत होती. मोल्सवर्थसाहेब आणि कँडी बंधू यांनी शास्त्री-पंडितांच्या मदतीने मोठा मराठी-इंग्रजी कोश केला; तो १८३१ मध्ये छापला गेला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. पुढे मेजर कँडी पुण्यात राहून सरकारी भाषांतराचे आणि शाळेची पुस्तके तपासण्याचे काम करीत. मोल्सवर्थच्या कोशात गावोगावचे शब्द आहेत. पण शाळेच्या पुस्तकात एकच मराठी शिरली. पुस्तके लिहिणारे आणि शिकवणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे शिकलेले, बहुधा ब्राह्मण. साहजिकच त्यांच्या घरातली भाषा 'शुद्ध' ठरली आणि बाकीच्यांची 'गावंढळ'.

याची झळ मोठमोठ्यांना लागली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या विचारांवर टीका केलीच, पण त्यांच्या व्याकरणाचीही टर उडवली. ज्याची भाषा 'अशुद्ध', त्याचे म्हणणे ऐकायचे कशाला, ही सवय तेव्हापासूनची.

आता आमच्या जळगावकडचेच उदाहरण. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला जन्मल्या. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात गाणी सुचत, ती मुलगा सोपानदेव आणि घरची मंडळी टिपून ठेवीत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही भीतभीतच आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. त्यात 'माणूस' नाही, 'मानूस' आहे. ते कोणी सुधारले नाही, हे आपले भाग्य. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बोलीला शाळेत हसत, त्याच बोलीत गाणाऱ्या बाईचे नाव आज पदवीच्या कागदावर छापले जाते!

आणि गंमत पाहा. संस्कृतात मूळ शब्द 'पानीय', त्यात 'न'च आहे. प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि आपले 'पाणी' आले. तेव्हा संस्कृतच्या जवळ कोण, आजी की पाठ्यपुस्तक?

याचा अर्थ शाळेतले मराठी नको, असा नव्हे. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये लेखनाचे १४ नियम मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत ४ वाढवले. नागपूरचे पत्र सावंतवाडीला सहज वाचता यावे, म्हणून ते हवेतच. मुलांनी लिहिताना 'पाणी' लिहावे. पण ते लेखनाचे नियम आहेत. आजीचे तोंड बंद करण्याचे नव्हेत.

आपल्या गावाचे नावच घ्या. सेंट लुईस-सान फ्रान्सिस्को रेल्वेला लोक तोंडातोंडी 'फ्रिस्को' म्हणत, तेच या गावाला चिकटले. खुद्द सान फ्रान्सिस्कोतल्या जुन्या लोकांना हा शब्द अडाणीपणाचा वाटतो. आपण मात्र तो पत्त्यात रोज लिहितो! आणि ऑफिसात आपल्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ला कोणी हसले, तर घरी येऊन आपण किती वेळ धुमसतो, ते आठवा.

गेल्या रविवारी कन्येला शेजारी बसवून आजीला फोन लावला. "आजी, तुझे शब्द सांग, मी वहीत लिहिते," असे तिला बोलायला लावले. तासभर फोन चालला. वहीची चार पाने भरली आहेत.

तुमच्याही घरी मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी, अहिराणी शब्द असतीलच. ते मुलांकडून लिहून घ्या. पुढच्या अंकासाठी पाठवलेत तर आनंद होईल. शुद्धलेखनाची काळजी करू नये!